उतारावरच्या बांध्या

या, अशा जवळ येऊन बसा. दूर बसून ऐकलेल्या गोष्टीतली अर्धी वारा खातो आणि अर्धी माणसाच्या वाट्याला येते. आज जी सांगणार आहे ती अशा तुकड्या-तुकड्यांनी ऐकण्याची नव्हे. हिच्यात देव गरुडावर बसून येत नाही, सोन्याची नगरी नाही, राजा नाही. एक घर आहे, घरामागे उतार आहे आणि उताराच्या पायथ्याशी देऊळ आहे. एवढंच. पण शब्द देतो, मन लावून ऐकलंत तर रिकाम्या मनानं उठणार नाही.

अड्याळहून आत वळलं की कोसमटोला लागतो. गाव धानाचं. जिकडे बघावं तिकडे बांध्या. बांधी म्हणजे धानाचा तुकडा. चारी बाजूंनी मातीचा धुरा घालायचा आणि आत पाणी कोंडून ठेवायचं. गावाच्या मधोमध तलाव, तलावाच्या काठाशी विठ्ठल-रुखमाईचं देऊळ, आणि देवळाच्या वर टेकाडावर जागेश्वराचं घर. वाटणीत थोरल्या भावांना सपाट जागा गेल्या, धाकट्याला टेकाड आलं. पुढच्या दारी उंच-उंच दगडी पायऱ्या, मागच्या दारी घसरता उतार. मागच्या छपरीतून लिंबू सुटलं तर थेट तलावात जाऊन थांबायचं. त्या उताराला ते बाडी म्हणत, पण बाडीत पिकत काही नसे. दोन एरंड, एक सीताफळ, आणि पावसाळ्यात तरोट्याचं रान.

गोदावरीबाई ही जागेश्वराची घरधनीण. बाईला कीर्तनाचं भारी वेड. चुलीवर भात ठेवून ही कीर्तनाला जाते आणि भाताचा कोळसा झाल्यावर परत येते, असं बाया म्हणत. तिचं म्हणणं, कोळसा एकदाच झाला होता, आणि त्या दिवशी आख्यानच तसं होतं. एकुलती मुलगी जिजा लाखांदूरकडे दिलेली. घरात दोघंच. सांज झाली, खाली मृदंगावर थाप पडली, की गोदावरीबाई पदर खोचून मागच्या उताराने तरातरा उतरायची. पुढून गेलं तर अख्ख्या गावाला वळसा. मागून गेलं तर देऊळ पायाशी.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात त्याच उतारावर तिचा पाय गेला. मांडीचं हाड मोडलं. भंडाऱ्याला नेलं, महिनोन् महिने खाटेवर गेले. हाड सांधलं, पण पाय आखूड झाला आणि गुडघ्यात वाकेना. काठी घेऊन सपाटीवर चालता येई. चुलीपासून ओसरीपर्यंत, ओसरीपासून मागच्या छपरीपर्यंत. पुढच्या पायऱ्या तिला जमेनात, मागचा उतार तर बोलायलाच नको. तुरुंगात निदान दाराशी शिपाई असतो, त्याच्याशी भांडता येतं. इथं दाराशी जागेश्वर होता, आणि त्याच्याशी भांडायचं तरी कशावरून?

कारण जागेश्वर तिला तळहातावरच्या फोडासारखा जपत होता. विहिरीचं पाणी तो भरी. गावात पुरुषमाणूस डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन निघाला की पारावरचे लोक खोकत. "काय गा जागेश्वर, पाटलीन होऊन गेला का आता?" तो म्हणे, "हाव. तुयी बायको पाहाले येऊन राहिली का मले?" लोक हसत, तोही हसे, आणि गुंडी घेऊन त्या उंच पायऱ्या चढे. गोदावरीबाई नुसती उंबऱ्यापाशी आली तरी आतून हाक येई, "कुठं चालली व? बस ना. काय पायजे ते सांग, मी आनून देतो." सगळं आणून देई तो. फक्त जे तिला हवं होतं ते आणून देण्यासारखं नव्हतं.

ते यायचं वाऱ्यावर. वारा तलावाकडून असला की कीर्तन छपरीत ऐकू येई, आणि वारा फिरला की तुटे. एकदा बुवांनी आंधळ्या टाळकऱ्याचं आख्यान लावलं होतं. टाळकरी वाट चुकून रानात शिरला, पुढे वाघ, मागे दरी, टाळकऱ्याच्या ओठी नाम, वाघाने पंजा उचलला, आणि... वारा फिरला. गोदावरीबाई काठीवर हनुवटी टेकून बसून राहिली. मग नुसता गजर, मग शंख. वाघाचं काय झालं कुणास ठाऊक.

जागेश्वर प्रसाद घेऊन आला. तिच्याखातर तो नेमाने कीर्तनाला जाई आणि खांबाला टेकून नेमाने झोपी जाई.

"मंग? वाघाचं काय झालं?"

"कोनता वाघ?"

"अवो, टाळकऱ्यापुढं आलेला!"

"हां, तो. तो गेला."

"गेला? कुठं गेला?"

"रानात गेला. वाघ कुठं जाईन, भंडाऱ्याले?"

"अन् देव? देव कसा आला?"

"आला असन बाप्पा. देव त येतेच." असं म्हणून त्याने शिरा तिच्या हातावर ठेवला. "खाय. गरम आहे अजून."

तिने खाल्ला. डोळ्यांतलं पाणी आणि शिऱ्याचं तूप एकाच पदराला पुसलं.

देवळातले विणेकरी पुंडलिकराव एकदा स्वतः चढून आले. थोर मनाचा माणूस. म्हणाले, "वयनी, तुमच्याबिगर बायांची बाजू सुनी वाटते. मी चार गडी पाठवतो. खाटेवर घालून आनू तुमाले, कीर्तन झालं की परत."

गोदावरीबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "भाऊजी, खाटेवर घालून चौघं नेतीनच एक दिवस. तवा मी नाई म्हननार नाई. तवापर्यंत नोको."

"तसं नाई व, वयनी..."

"देवाच्या दारी सामानावानी कशी जाऊ? पायानं गेली त गेली."

तेव्हापासून जागेश्वराच्या डोक्यात उतार घोळू लागला. अड्याळचा तुलाराम मिस्त्री बोलावला. त्याने उतार पाहिला, बिडी पेटवली, आणि दगड, सिमेंट, लोहा, गिट्टी असं बोटांवर सांगत गेला. जागेश्वर ऐकत गेला. शेवटी म्हणाला, "भाऊ, एवढ्यात त माया बैल जाते. बैल गेल्यावर मी नांगर कोनाले जुंपू, तुले?" मिस्त्री हसला, चहा पिऊन उतरला. पायावरच्या इलाजात घरातलं होतं नव्हतं ते आधीच गेलं होतं. सिमेंटची गोष्ट तिथेच मिटली.

दुसऱ्या दिवशी जागेश्वर पावडं घेऊन मागच्या दारी उभा राहिला. "धानवाल्याले सिमेंट कायले पायजे?" तो स्वतःशीच म्हणाला. "माती आहे ना."

तो सारा वैशाख त्याने उतारावर घातला. पडक्या गोठ्याचे दगड काढले. घरावरची फुटकी कवेलं, म्हणजे कौलं, वर्षानुवर्षं कोपऱ्यात साचलेली, ती टोपल्यांनी वाहिली. तलाव आटला होता, त्यातला काळा गाळ कावडीने आणला. उन्हात त्याची पाठ तव्यासारखी तापे. गोदावरीबाई छपरीत बसून बघत राही. तिच्या मनात एकच, पायऱ्या होऊन राहिल्या. एक रुंद सपाटी झाली, तिच्याखाली दुसरी, मग तिसरी, मग चौथी. देवळाचा कळस रोज जरा जवळ आल्यासारखा वाटे. तिने जुन्या लुगड्याचा पदर फाडून काठीच्या मुठीला गुंडाळला. हाताला घट्टा पडू नये म्हणून. पहिल्या दिवशी कोणतं लुगडं नेसायचं तेही ठरवलं.

मृग लागायच्या आत काम पुरं झालं. जागेश्वर अंगावरची माती झटकत वर आला आणि म्हणाला, "ये. पाय आता."

ती दाराशी आली. खरं सांगायचं तर दृष्ट लागण्यासारखं काम होतं. चार सपाट्या, एकीखाली एक, जशा धानाच्या बांध्या. आणि प्रत्येकीच्या काठाला धुरा. गुडघ्याएवढा उंच, चोपून चोपून गुळगुळीत केलेला, वरून कवेलांची किनार. छपरीच्या पायरीशीही एक धुरा. धानवाल्याच्या हातून सपाटी झाली आणि तिला धुरा पडला नाही असं कधी झालंय? त्याच्या हाताला दुसरं येतच नव्हतं.

तिने डोळ्यांनीच पाय टाकून बघितला. जो पाय गुडघ्यात वाकत नाही तो गुडघाभर धुऱ्यावरून कसा जाईल?

"अन् मी उतरू कुठून?" तिने विचारलं.

जागेश्वर खरोखर चकित झाला. "उतरतं कायले? तुयासाठी त केलं. इथं बसून पाहाचं. वांगे लावतो, मिरच्या लावतो, वालाचा मांडव घालतो. तुले सारं हिरवं दिसन इथूनच." आणि मग हळूच, "त्या उतारावर मी तुले पुन्हा पाय ठेवू देईन का?"

त्याच्या तळहातांवरचे फोड फुटले होते. ती ते बघत राहिली. म्हणाली, "छान झालं." आणि आत गेली. काठीच्या मुठीची चिंधी सोडून तिने चुलीपाशी कढई धरायला ठेवली.

गाव बघायला आलं. बाया म्हणाल्या, "नशीब काढलं व गोदावरीबाई. आमचे नवरे धुऱ्याची माती त सोडा, दारची धूळबी काढत नाईत." ती हसली. कोंडणाऱ्याविरुद्ध गाऱ्हाणं करता येतं. जपणाऱ्याविरुद्ध केलं तर लोक आपल्यालाच वेडं ठरवतात. तिने देवालाही सांगितलं नाही. सांगायचं काय, नवरा फार चांगला आहे म्हणून?

पाऊस लागला आणि बांध्यांनी आपलं काम केलं, म्हणजे पाणी धरलं. धानाला पाणी हवं, वांग्याला नको. आषाढात मिरच्या पिवळ्या पडल्या. श्रावणात वांग्यांची मुळं कुजली, झाड हाताला लागलं की उपटून येई. वालाचा वेल तेवढा मांडवावर चढला होता, तोही खालून काळा पडत चालला.

"पानी सोडून द्या ना थोडं," ती म्हणाली. "एकेका धुऱ्याले तोंड पाडा."

"पानी सोडून देऊ?" त्याने असं विचारलं जसं कुणी गाय कसायाला द्यायला सांगितली. "आमच्या घरी पान्याले जागा देते व. वाट देत नाई."

"मंग वांगे खावाचे का मेंडके?"

"पानी मुरन. अन् तू छपरीच्या पायरीवर नोको येत जाऊ. ओलं आहे."

तिने मग छपरीत येणंही कमी केलं. आत बसे. आतून कीर्तन ऐकू येत नसे.

हस्त लागला आणि हत्तीने सोंड खाली सोडली. दुपारी बारालाच दिवेलागणीसारखं झालं. धानाच्या शेतातला मोठा धुरा फुटेल या भीतीने जागेश्वर बारदानाची खोळ डोक्यावर घेऊन शेताकडे धावला. जाताना म्हणाला, "उठू नोको जागची. मी येतोच."

ती जागची उठली नाही. पण थोड्या वेळाने मागच्या भिंतीकडून धप्प असा आवाज आला. मातीच्या भिंतीचा पोपडा पडला होता. ती काठी टेकत छपरीत आली. वरची बांधी काठोकाठ भरली होती. छपरीशी धुरा, पलीकडे धुरा, आणि मधलं सगळं पाणी भिंतीचा पाया चाटत होतं. भिंत खालून काळी होत चालली होती. अशी भिंत बसली की आढं खाली येतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तिने हाक मारली. पावसात तिची हाक तिलाच ऐकू आली नाही.

विठ्ठला, ती म्हणाली, आता तू येतोस का मी जाऊ? विठ्ठल काही आला नाही. मग ती छपरीच्या कडेला बसली, ताठ पाय पुढे सोडला, कोपऱ्यातलं पावडं ओढलं आणि बसल्या-बसल्याच धुऱ्यावरून पलीकडे घसरली. कमरेपर्यंत चिखल. काठी वरच राहिली. हातांनी सरकत ती समोरच्या धुऱ्यापाशी गेली आणि त्या चोपलेल्या, गुळगुळीत, नवऱ्याच्या फोडांनी घडवलेल्या मातीवर तिने पावडं घातलं. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. कवेलं फुटली. मग माती ओली झाली, मऊ झाली, आणि पाणी हिसडा मारून निघालं.

पण निघालेलं पाणी दुसऱ्या बांधीत जाऊन बसलं. तीही काठोकाठच होती. ती बांधी एका अंगाने फुटली असती तर सगळा उतार दगडा-मातीसकट सुटला असता, आणि वरचं घर त्याच्या मागोमाग. माघारी जायला वेळ नव्हता, अंगात बळही नव्हतं. म्हणून गोदावरीबाई पुढे गेली. ज्या तोंडातून पाणी गेलं त्याच तोंडातून ती घसरली, दुसऱ्या धुऱ्याला जिथे माती कच्ची वाटली तिथे, जरा डावीकडे, खणू लागली. तिसऱ्याला उजवीकडे. कुठे कोपरावर, कुठे पालथी. लुगडं फाटलं, बांगड्या फुटल्या, तोंडात चिखल गेला. रडत होती की काय कुणास ठाऊक, पावसात कळत नाही. चौथा धुरा फुटला आणि पाण्याचा लोंढा तिला घेऊनच तलावाच्या काठच्या वाटेवर आला.

तिथे ती बसली. पाऊस अंगावर कोसळत होता. पाठीमागे घर उभं होतं, पडलं नव्हतं. समोर, हाकेच्या अंतरावर, देऊळ. आणि तिला उठता येत नव्हतं. काठी वर, पाय ताठ, धरायला झाड नाही. इतक्या दिवसांनी ती घराबाहेर आली होती ती अशी, चिखलात रुतलेल्या खुंट्यासारखी. तिने देवळाकडे सरकायचा यत्न केला. हात खाली रुतले. मग ती नुसती बसून राहिली.

पाण्याच्या कडेने कुणीतरी वाकून येत होतं. मासे धरणाऱ्या ढिवरांची बायाबाई. बांबूचा सापळा काखेत, डोक्यावर बारदान.

"अवं माय माय!" ती थबकली. "म्या म्हन्लं एवढा मोठा मागूर मासा कोनता निंगाला! गोदावरीबाई, तुमी?"

"मीच व."

"इथं काय करून राहिल्या?"

"बसली आहे. तू कायले आली अशा पान्यात?"

"लोंढा पाहिला तुमच्या बाडीतून उतरतानी. पानी उतरते तिथं मासा चढते, बाई. सापळा लावाले आली." बायाबाईने वर पाहिलं, फुटलेले धुरे पाहिले, पावडं पाहिलं. "तुमी फोडले?"

"हाव."

"बसून-बसून?"

"मंग का नाचून?"

बायाबाई आधी हसली, मग तिने सापळा खाली टाकला, शेजारी बसली आणि आपलं बारदान दोघींच्या डोक्यावर धरलं. एकटीला तिला उचलणं शक्य नव्हतं. "येईन भाऊ," ती म्हणाली. "तवलोक बसू. थंडी वाजते का?"

"वाजते. वाजू दे."

जागेश्वर आला तो वरून ओरडतच. "जिजाची माय! अवं, कुठं आहे तू?" छपरीत काठी पडलेली, माणूस नाही. तो धावत मागे आला, पाय घसरून पडला, उठला, आणि पहिला शब्द तोंडातून निघाला तो असा, "धुरे! धुरे कोनं फोडले?"

"भाऊ," खालून बायाबाई ओरडली, "बायको भिजून राहिली अन् तू धुरे मोजून राहिला?"

त्याने तिला पाठीवर घेऊन वर नेलं. चढताना ती त्याच्या पाठीवरून मागे वळून वळून देवळाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी उघडलं. ऊन पडायच्या आत जागेश्वर पावडं घेऊन पहिल्या फुटक्या धुऱ्यापाशी गेला आणि चिखलाचे गोळे तोंडात भरू लागला. राग म्हणून नव्हे. फुटका धुरा दिसला की त्याचे हात तसेच चालत.

"नोका भरू," छपरीतून गोदावरीबाई म्हणाली. ताप होता तिला, पण आवाज स्वच्छ होता.

"फुटलं आहे ते."

"फुटलं नाई. म्या फोडलं. तसंच राहू द्या."

तो वळला. इतक्या महिन्यांचं सगळं त्याच्या तोंडावर आलं. "अन् मेली असती त? पडली असती त?"

"पडलीच ना. पडत-पडतच त खाली गेली."

"मी सांगतलं होतं जागची उठू नोको!"

"उठली नसती त आज भिंतीखालून काढत असते मले." ती म्हणाली. "तुमी मले किती जपता, अख्ख्या गावाले मालूम आहे. पन जिजाचे बाबा, त्या श्रावणापासून तुमी एकदाबी इचारलं नाई, गोदे, तुले कुठं जावाचं आहे?"

जागेश्वर चिखलाचा गोळा हातात घेऊन उभा राहिला. उत्तर त्यालाही माहीत होतं, साऱ्या गावाला माहीत होतं. माहीत असूनही विचारलं नव्हतं, कारण विचारलं की तिला जाऊ द्यावं लागलं असतं. तो धुऱ्यावर बसला. गोळा हातातच वाळत आला.

मग तो आत गेला. चुलीतली राख सुपात घेतली आणि ओसरीच्या सारवलेल्या जमिनीवर पसरली. "ताप उतरला की यावर चालून दाखव," तो म्हणाला. "तुया पाय कुठं पडते, काठी कुठं टेकते, ते पाहू दे मले. अन् किती उंच उचलते तेबी."

तिचा ताप उतरला. ती राखेवरून चालली. एक पाय पूर्ण उमटला, दुसरा नुसता ओढल्यासारखा, शेजारी काठीचं टोक. जागेश्वराने गुडघे टेकून काडीने पावलं मापली. त्याच्या बायकोचं पाऊल एवढं लहान झालं होतं हे त्याला तोवर दिसलं नव्हतं.

नवीन काम जुन्याच सामानावर झालं. त्याने धुरे पाडले नाहीत. छपरीशी असलेल्या धुऱ्याला तोंड पाडलं आणि जिथे तिने फोडले होते ती तोंडं रुंद केली. एक डावीकडे, एक उजवीकडे, त्यामुळे वाट आपोआप नागमोडी झाली आणि उतार हळू झाला. तिला पाय उचलावा लागू नये म्हणून पायऱ्या केल्याच नाहीत. मुरूम चोपला, त्यावर कवेलांची चुरी अंथरली, पाऊल घसरू नये अशी. वाटेच्या कडेला दगडी नाली, पाण्यासाठी. ती खणताना त्याचा जीव तुटत होता. दोनदा उठून आत आला, पाणी प्याला, पुन्हा गेला. पुंडलिकरावांनी बांबू दिले, त्यांचा कठडा झाला. बायाबाईने जुन्या जाळ्याची दोरी आणून बांधून दिला. "ही गाठ सुटली त माया नावानं शिमगा करा," ती म्हणाली. उरल्या मातीत पुन्हा वांगी लागली, आता वाफे उंच करून.

कार्तिकातला काल्याचा दिवस. खाली मृदंग लागला. गोदावरीबाईने निळं लुगडं नेसलं आणि मागच्या दाराशी आली. जागेश्वर आधीच उतरून पहिल्या वळणावर हात पुढे करून उभा.

"तुमी वर या," ती म्हणाली.

"नुसता संग चालतो."

"वर या. छपरीत बसा. मी खाली पोचली की मंग या, पुढून या."

तो वर आला. छपरीच्या कडेला बसला, अगदी तिच्या जागी. आणि मंडळी, त्या माणसाने आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम ते. ती कठडा धरून निघाली. एक पाऊल, काठी, ओढलेला पाय. पहिल्या वळणावर कठडा कर्रर्र वाजला आणि तो अर्धा उठला. त्याने स्वतःचाच पंचा दोन्ही मुठींत आवळून स्वतःला खाली बसवलं. दुसऱ्या वळणावर ती थांबली, दम घेतला. तिसऱ्यावर काठी घसरली, ती कठड्यावर आदळली, आणि जागेश्वराने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती चालत होती. मागे वळून बघत नव्हती. उतार उतरायला तिला एवढा वेळ लागला की खाली नमन होऊन निरूपण सुरू झालं.

देवळात ती उशिराच शिरली. काठीचा आवाज फरशीवर खण्‌कन वाजला आणि सगळ्या माना वळल्या. बाया, बाप्ये, टाळकरी. बुवा बोलता-बोलता थांबले. पुंडलिकरावांची वीणा गळ्यात, तिच्या तारेवरचं बोट थांबलं. गोदावरीबाई दारातच अडकली. इतक्या डोळ्यांतून पुढे जाणं तिला उतारापेक्षा जड झालं. वाटलं, इथूनच परतावं.

मग ती म्हणाली, "चालू द्या ना महाराज. मी का वरात घेऊन आली?"

हशा पिकला, बुवाही हसले. मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने मांडी आवरून घेतली आणि भिंतीशी हातभर जागा झाली. गोदावरीबाई ताठ पाय पुढे पसरून तिथे बसली, पदराने तोंडाचा घाम टिपला. बुवांनी सूर धरला. त्या दिवशी वारा कोणत्या दिशेचा होता ते तिला कळलंही नाही.

पुढे कितीतरी कार्तिक ती त्या वाटेने गेली. दर पावसाळ्यानंतर जागेश्वर वाट पुन्हा चोपून घेई. ती गेल्यावरही त्याने दोन वर्षं चोपली, म्हणतात. आता ते घर नाही आणि ती दोघंही नाहीत.

म्हणून माझं एक मागणं आहे. कधी कुठल्या देवळात कीर्तनाला बसाल, आणि निरूपण रंगात आलेलं असताना मागे काठी वाजेल, कुणी बाई उशिरा, पाय ओढत आत येईल, तेव्हा मान वळवून बघू नका. ती कुठून आणि कशी आली असेल ते आपल्याला माहीत नसतं. तिला टेकायला हातभर भिंत ठेवा, आणि मनातल्या मनात एकदा कोसमटोल्याच्या गोदावरीबाईची आठवण काढा.